डावं पान पोरांचं

नागेश गुरुजींच्या आईला ऐकू येत नाही, असं गुरुजींचं मत होतं. बाकी कुणाचं तसं मत नव्हतं, पण बाकीच्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

झालं असं होतं की गेली चार-पाच वर्षं प्रयागबाई बोलायच्या बंद झाल्या होत्या. "आई, गोळी घेतलीस का?" म्हटलं की "हं." "आई, पंखा लावू का?" म्हटलं की मान हलायची. हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे गुरुजींनी आपलं आपण ठरवायचं. आणि ही कोण बाई? जिचा आवाज वालचंदनगरच्या बाजारातून पार कंपनीच्या क्वार्टरपर्यंत जायचा, आणि तो ऐकून क्वार्टरमधल्या बाया पिशव्या घेऊन वांगी घ्यायला बाहेर पडायच्या. कळंबच्या आसपासची जुनी माणसं अजून सांगतात. असली बाई घुमी झाली म्हणजे काय समजायचं? कान गेले. ऐकू यायचं कमी झालं की माणूस बोलायचंही सोडतं, असं गुरुजींनी कुठंतरी वाचलं होतं, आणि वाचलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास.

त्यांनी आईला बारामतीला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. ऐकू आली की बोट वर करायचं. प्रयागबाईंनी प्रत्येक शिट्टीला बोट वर केलं. एकदोनदा शिट्टी नसतानाही केलं, कारण पोरगा काचेतून आशेनं बघत होता. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानानं ठीक आहे. अगदीच वाटत असेल तर मशीन लावून बघा." गुरुजींना अगदीच वाटत होतं. मशीन आलं. गुरुजी शाळेतून घरी आले की मशीन प्रयागबाईंच्या कानात आणि गुरुजी शाळेत गेले की डबीत, अशी त्याची ड्यूटी लागली. बोलणं तेवढंच. हं.

गुरुजींना हे लागायचं. माणूस जरा शिष्ट होता, पण आईवर जीव होता. सातवीत असताना वडील गेले आणि पुढचं सगळं शिक्षण या बाईनं बाजारात माळवं, भाजीपाला विकून केलं. रोज संध्याकाळी ते तिच्यासमोर ताटावर बसायचे आणि मनात म्हणायचे, आज काहीतरी बोल. चांगलं नको तर वाईट बोल. शिवी दे. प्रयागबाई भाकरी वाढायच्या आणि उठून जायच्या.

बायकोनं, म्हणजे रतननं, एकदा सांगून बघितलं होतं. "तुमी त्यांना जरा बोलू द्या की."

"मी कुठं अडवलंय?" गुरुजी म्हणाले. "आणि तुमी नाही. तुम्ही."

रतननं पुन्हा सांगितलं नाही.

आता ही गुरुजींची खोड नीट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल माणूस वाईटच. तसं नव्हतं. गुरुजी कळंबजवळच्या बारवमळ्यातले, बोलीही तिथलीच घेऊन ते डी.एड.ला पुण्याला गेले. पहिल्या आठवड्यात उभं राहून पाठ घ्यायचा होता. त्यात ते 'आनि' म्हणाले. वर्ग हसला. एवढ्यावर भागलं असतं, पण पुढं दोन वर्षं त्यांना 'आनि' हेच नाव पडलं. मेसमध्ये आनि, हॉस्टेलवर आनि, निकालाच्या दिवशी "आनि पास झाला." त्या दिवशी गुरुजींनी मनाशी ठरवलं, की आपल्या हाताखालून जाणाऱ्या एकाही पोरावर ही पाळी येऊ द्यायची नाही. हेतू चांगला होता. फक्त त्याला सुट्टी नव्हती.

मग काय! दुधवाला "न्हाय" म्हणाला की "नाही". सोसायटीचा चेअरमन "हितं" म्हणाला की "इथं". समोरच्याच्या खांद्यावरचं कुसळ काढावं तसं, न रागावता, सहज. आणि घरी आई होतीच.

"नाग्या, डाव्याला पानी सुटलं बग."

"पानी नाही, आई. पाणी. आणि बघ."

"व्हय."

"व्हय नाही. हो."

नीरेचा डावा कालवा वाहत होता, पाणी रानात पोचत होतं, पण ते पानी होतं की पाणी, यावर मायलेकांचा सकाळचा अर्धा चहा गार व्हायचा. मग हळूहळू प्रयागबाईंनी पाण्याचं सांगणं सोडलं. मग बाजाराचं. मग बाकी सगळंच.

तर असं चाललेलं असताना गुरुजींना बारामतीला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचा आदेश आला. विषय होता 'परस्परसंवादी विद्यार्थी नोंदवही'. एवढं नाव फळ्यावर लिहिता लिहिता मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमचा खडू संपला. मॅडम तरुण होत्या, उत्साही होत्या. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. वहीचं उजवं पान शिक्षकाचं. शिकवलं ते तिथं लिहायचं. डावं पान पोराचं. त्याला काय कळलं, काय वाटलं, काय प्रश्न पडला, चित्र काढायचंय, कागदाच्या झडपा चिकटवायच्यात, सगळं डाव्या पानावर.

"डावा म्हटलं की आमच्याकडं कालवा असतो, मॅडम," मागून एक मास्तर म्हणाले. "वेळेवर सुटंल ना?"

सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत, 'सुटंल'वर अडकले होते.

मग मॅडमनी नियम सांगितला. डाव्या पानावर शिक्षकानं लाल पेन चालवायचा नाही. शुद्धलेखन बघायचं नाही. मूल बोलतं तसं लिहू द्यायचं.

गुरुजींनी हात वर केला. "मग तपासायचं काय?"

"तपासायचं नाही, सर. वाचायचं."

गुरुजींनी हे लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हणजे पटलं असं नाही, पण नियम पुस्तिकेत छापलेला होता आणि छापील नियम मोडणाऱ्यातले ते नव्हते.

बारवमळ्याची शाळा दोन शिक्षकी. गुरुजींकडं तिसरी-चौथी मिळून सोळा पोरं. सोमवारी त्यांनी वह्या वाटल्या आणि सांगितलं, "डावं पान तुमचं. काहीही लिहा."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शंभूराज म्हणून एक धीट पोरगा होता, तो म्हणाला, "काय बी लिवायचं?"

"काय बी नाही, काहीही. लिवायचं ना..." गुरुजी थांबले. नियम आठवला. "हो. काय... ते तुम्ही ठरवा."

झडपांसाठी जाड कागद हवा होता. तो कुठून आणायचा? बारवमळ्यात एका वस्तूची कधीच टंचाई नसते, ती म्हणजे लग्नपत्रिका. पोरांनी घरोघरच्या खुंट्यांवरून, देव्हाऱ्यामागून पत्रिका गोळा केल्या, गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि कामाला लागली. आठवड्याभरात वह्यांना असं बाळसं आलं की मिटेनात. झाडाचे भाग शिकवले तर डाव्या पानावर सोनेरी गणपतीची झडप, खाली 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', आणि उघडली की आत खोड. पचनसंस्थेत जठराच्या जागी नवरा-नवरीचा फोटो आला. शंभूराजच्या वहीत कुठलाही धडा असो, डाव्या पानावर ट्रॅक्टर असायचा, नांगरासह.

गुरुजींनी पहिल्या दिवशी नियमाप्रमाणे डावी पानं वाचायला घेतली. पहिलंच वाक्य, "झाडाला पानी लय लागतं न्हायतर ते मरतंय." गुरुजींची बोटं वळवळायला लागली. त्यांनी लाल पेन कपाटात ठेवला. मग नखानं अधोरेखित केलं. मग कपाटाला कुलूप लावून किल्ली दुसऱ्या वर्गातल्या बाईंकडं दिली. तरी डोक्यात खुणा होतच राहिल्या, आणि रात्री झोपेत ते 'लय'ला 'खूप' करत राहिले. शेवटी त्यांना एक सरळ मार्ग सापडला. वाचायचंच नाही. पान भरलंय एवढं लांबून बघायचं आणि हिरव्या शाईचा 'पाहिले' शिक्का मारायचा. खोटं काहीच नव्हतं. पाहिलं होतंच.

दोन महिने शिक्के पडत राहिले. पोरं लिहीत राहिली. कुणी लाल करत नाही म्हटल्यावर जास्तच लिहायला लागली.

त्यात सगळ्यात जाड वही झाली छकुलीची. ही गुरुजींच्या शेजारची. आईबाप दोघं बारामती एमआयडीसीत कामाला, सकाळी मोटारसायकलवर जायची ती दिवस मावळताना यायची. शाळा सुटली की छकुली प्रयागबाईंच्या ओट्यावर; गुरुजी शाळेतले कागद संपवून यायचे ते उशिरा. वर्गात मात्र पोरगी कधी तोंड उघडायची नाही. तिसरीत आल्या आल्या तिनं "म्या सांगू?" म्हणून हात वर केला होता आणि गुरुजींनी "म्या नाही, मी" असं प्रेमानं सांगितलं होतं. तो हात पुन्हा वर झाला नाही. गुरुजींनी तिच्या प्रगतिपुस्तकावर 'स्वभाव बुजरा' असं लिहिलं होतं.

पुस्तिकेतला सातवा उपक्रम होता, 'घरातला शब्द'. घरात बोलला जाणारा पण पुस्तकात नसलेला एक शब्द शोधायचा आणि डाव्या पानावर तीन झडपा करायच्या. पहिलीखाली शब्द. दुसरीखाली, तो कोण बोलतं. तिसरीखाली, ते माणूस कुणाशी बोलतं, कुणाशी नाही आणि का. गुरुजींनी पुस्तिका वाचून दाखवली, पोरांनी केलं, गुरुजींनी शिक्का मारला.

आणि त्याच आठवड्यात इंदापूरहून विस्तार अधिकारी विजयसिंह साहेब तपासणीला आले.

गुरुजींनी वह्यांची चवड टेबलावर रचून ठेवली होती. वर शंभूराजची, कारण ट्रॅक्टर दिसायला चांगला होता. सगळ्यात खाली छकुलीची, कारण ती मध्ये ठेवली की चवड कोसळत होती. पण साहेब मुरलेले होते. वरची वही त्यांनी उभ्या नोकरीत कधी उचलली नव्हती. त्यांनी चवड एका हातानं तोलून धरली आणि खालची ओढली.

"वा, सातवा उपक्रम!" साहेब म्हणाले. खुर्चीवर रेलून त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. पहिली झडप उघडली. "शब्द. कोरड्यास." साहेब मूळचे नाशिककडचे. "हे काय असतं?"

"कालवन!" सोळा पोरं एकदम ओरडली.

"कोरडं असतं का?"

"न्हाय, वलं!"

साहेब खूश झाले. गुरुजींनी तीन शब्द मनातल्या मनात दुरुस्त केले.

साहेबांनी दुसरी झडप उघडली. "हा शब्द आमच्या शेजारची प्रयागआजी बोलते. ती लय बोलते. बोलाया लागली की थांबत न्हाय. तिनं सरपंचाची नक्कल केली तवा मला हसून उचकी लागली. बाजारात वांगी कशी इकायची ते ती वरडून दाकवते, मग आमची शेळी पळून जाते."

वर्गात खसखस पिकली. गुरुजी मात्र बारवमळ्यात दुसरी कुणी प्रयागबाई आहे का, हे आठवायला लागले. नव्हती. तरी त्यांनी शेजारच्या दोन वस्त्याही मनातल्या मनात फिरून बघितल्या.

तिसरी झडप एका पत्रिकेच्या मधल्या पानाची होती, तिच्यावर 'आपले नम्र' असं छापलेलं होतं. साहेबांनी ती उघडली.

"कुणाशी बोलते. माझ्याशी, रतनकाकूशी, शेळीशी, दुधवाल्याशी. कुणाशी न्हाय. गुरुजींशी. मी इचारलं का. आजी म्हनली, माझा मुलगा गुरुजी हाय. मी काय बी सांगाया गेलं की तो ते नीट करतो. नीट करून झालं की म्हंतो, हां, आता सांग. तवर माझं सांगायचं इसरून जातंय. म्हनून आता मी हं म्हनते. हं मधी काय चुकत न्हाय."

साहेब मोठ्यांदा हसले. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच हसतोय. सोळा पोरं गुरुजींकडं बघत होती.

"कोण हो हे गुरुजी?" साहेबांनी विचारलं.

"हेच," शंभूराजनं बोट दाखवलं.

साहेबांनी झडप मिटली. ती नीट बसेना, म्हणून तळहातानं दाबून धरली. घसा खाकरून म्हणाले, "उपक्रम चांगला आहे." मग खिडकीबाहेरच्या उसाकडं बघून म्हणाले, "शनिवारी बारामतीला प्रदर्शन आहे. हीच वही पाठवा. अशी वही मी बघितली नाही दुसरी." आणि उठताना, सवयीनं, "तेवढं शुद्धलेखन बघून घ्या. वरचे लोक येणार आहेत."

साहेब चहा पिऊन गेले. गुरुजींना रडू आलं असतं, पण शाळा सुरू होती. त्यांनी सतराचा पाढा घेतला. सतरा सक एकशेदोनला त्यांचा आवाज बसला, तर पोरांनी पुढचा पाढा आपला आपण पुरा केला.

मशीन. काचेची खोली. शिट्टी नसताना वर गेलेलं आईचं बोट. हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून एकामागून एक जात होतं आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की फळा पुसायच्या निमित्तानं ते बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. फळ्यावर काही नव्हतं.

शाळा सुटली तरी छकुली जागची हलली नाही. सगळे गेल्यावर टेबलाजवळ आली. "गुरुजी, ते पान फाडू?"

"का?"

"तुमी... तुम्ही रागावला."

"नाही रागावलो."

"मग नीट करून आणू का? साहेब म्हनले... म्हणाले, शुद्ध पायजे... पाहिजे."

गुरुजींनी एकही शब्द दुरुस्त केला नव्हता. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा नव्हतं. पोरगी प्रत्येक शब्द बाहेर काढत होती, तो बघत होती, परत आत घेत होती आणि धुऊन पुन्हा बाहेर ठेवत होती. आणि हे करताना काय सांगायचं होतं, ते तिचं दोनदा विसरून झालं. हे आपण शिकवलंय. सोळा पोरांना, वर्षानुवर्षं.

"काही नीट करू नकोस," ते म्हणाले. "वही आजच्या दिवस मला दे."

छकुलीनं वही पाठीमागं धरली. "डावं पान पोरांचं असतंय ना?"

"हो. तपासायला नाही नेत. वाचायला नेतो."

तिनं जरा विचार केला आणि दिली.

गुरुजी घरी आले तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं. त्यांची चाहूल लागताच प्रयागबाईंनी डबी उघडली आणि मशीन कानात घालायला लागल्या.

"ते राहू दे," गुरुजी म्हणाले. चपला काढून ते तिच्याशेजारी, खाली, फरशीवर बसले. रतन दारात येऊन उभी राहिली. शब्द साधा होता, पण पंचवीस वर्षं वापरात नव्हता, त्यामुळं निघायला जड गेला.

"आये," ते म्हणाले.

प्रयागबाईंनी आधी रतनकडं बघितलं, मग पोराकडं. त्यांचा चेहरा उतरला. "कोन गेलं?"

"कुणी गेलं नाही."

"मग आये का म्हनलास?"

चार वर्षांतलं पहिलं पुरं वाक्य. त्यात दुरुस्त करण्यासारखी दोन ठिकाणं होती आणि गुरुजींना ती दिसली नाहीत असं नाही. त्यांनी फरशीवर बोट टेकवलं आणि दाबून धरलं.

"छकुलीनं तुझं बोलणं वहीत लिहिलंय. बारामतीला लावायचंय, लोक वाचणार. तुझी परवानगी पाहिजे."

"काय लिवलंय?"

गुरुजींनी वही उघडली आणि वाचायला लागले. जसं होतं तसं. लय, इसरून, न्हाय. तोंडाला सवय राहिली नव्हती. 'इचारलं'वर ते अडखळले, मागं जाऊन पुन्हा वाचलं. प्रयागबाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या. सरपंचाच्या नकलेपाशी त्यांनी पदर तोंडाला लावला. मग तिसरी झडप आली. ती त्यांनी फार हळू वाचली. 'हं मधी काय चुकत न्हाय' वाचून झाल्यावर वहीतून मान वर काढायचं धाडस त्यांना होईना.

त्यांना बरंच काही बोलायचं होतं. शाळेपासून घरापर्यंत त्यांनी मनात नीट जुळवून आणलं होतं, चांगली तीनचार वाक्यं. त्यातलं एकही आलं नाही.

"मला वाटलं, तुला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"ऐकूच तर येत हुतं, बाबा," प्रयागबाई म्हणाल्या.

गुरुजी तिथंच ओट्यावर, भर उजेडात, रस्त्यानं माणसं जात असताना रडले. रतन पाणी घेऊन आली आणि तांब्या ठेवून आत गेली. प्रयागबाईंनी काही समजूत घातली नाही. पोराच्या पाठीवर हात ठेवून त्या रस्त्यानं जाणाऱ्यांकडं बघत बसल्या. कुणी थांबून बघायला लागलं की हातानंच, जावा पुढं, म्हणायच्या.

मग म्हणाल्या, "लाव जा बारामतीला. पन एक चुकलंय त्यात."

"काय चुकलंय?"

"म्या आसं म्हनलंच न्हवतं. मुलगा म्हनलं न्हवतं." आणि त्यांनी शेजारच्या घराकडं तोंड करून हाक मारली, "छकुले!" क्वार्टरपर्यंत गेली असती अशी हाक. गुरुजींच्या कानाला दडे बसले. छकुली पळत आली, गुरुजींचे लाल डोळे बघून दोन पावलं अलीकडंच थांबली.

"ए भवाने, म्या काय म्हनले हुते? मुलगा म्हनले हुते?"

छकुलीनं मान खाली घातली. "न्हाय. ल्योक म्हनली हुतीस."

"मग?"

"ल्योक शाळंत चालत न्हाय. म्हनून मुलगा लिवलं."

प्रयागबाई गुरुजींकडं वळल्या. "मुलगा काय, कुनाचा बी आसतुय. ह्यो माजा ल्योक हाय. नीट करा म्हनावं ते."

गुरुजींनी वही पोरीपुढं सरकवली. "तू कर. पान तुझं आहे."

छकुली ओट्यावर पालथी पडली, 'मुलगा' खोडलं, आणि पेन तसाच धरून थांबली. "गुरुजी, ल्योक कसं लिवायचं?"

उभ्या नोकरीत गुरुजींना हा शब्द कुणी विचारला नव्हता. त्यांनी हवेत बोटानं लिहून बघितला. "अर्धा ल," ते म्हणाले. "त्याला य. यावर काना आणि मात्रा. मग क. ल्योक."

छकुलीनं लिहिलं. फुंकर घातली. वही गुरुजींपुढं धरली. "आता बरोबर हाय का?"

गुरुजींनी आईकडं बघितलं.

प्रयागबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी वही हातात घेतली, पोरीनं दाखवलेल्या जागी बोट ठेवलं, आणि पोराच्या तोंडाकडं बघत म्हणाल्या, "वाच."

"ल्योक," गुरुजी म्हणाले.

"आत्ता हाय."